तेलावर चालणारी वीजकेंद्रे कशासाठी राखून ठेवतात?

नाशिक जिल्ह्यात वीजनिर्मितीचा विषय निघाला की एकलहरे आठवते, आणि एकलहरे म्हटले की कोळसा. १९७९ ते १९८१ या काळात सुरू झालेले, प्रत्येकी २१० मेगावॅटचे तीन संच तेथे आहेत आणि रेल्वेने येणारा कोळसा हे त्यांचे मुख्य इंधन आहे. मात्र अशा प्रत्येक कोळसा-केंद्राच्या आवारात तेलाच्याही टाक्या असतात, आणि त्या रिकाम्या असतील तर बंद पडलेला संच पुन्हा सुरू करता येत नाही. थंड बॉयलरमध्ये कोळशाची भुकटी फुंकली म्हणून ती आपोआप पेट घेत नाही. आधी हलके डिझेल तेल आणि मग फर्नेस ऑइल जाळून भट्टी तापवावी लागते, वाफेचा दाब वाढवावा लागतो, आणि त्यानंतरच एकेक कोळसा-चक्की जोडत तेलाच्या ज्वाला कमी करत नेतात. पावसाळ्यात कोळसा भिजून आला किंवा संच फार कमी भारावर चालवावा लागला, तर भट्टीतील ज्वाला विझू नये म्हणून पुन्हा तेलाचाच आधार घेतला जातो.

या मदतनीस तेलाचे प्रमाण अगदी थोडे असते. केंद्रीय वीज नियामक आयोगाचे मानक कोळशाच्या केंद्रांसाठी युनिटमागे साधारण अर्धा मिलिलिटर तेल गृहीत धरते. ६३० मेगावॅटचे केंद्र दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर सुमारे दीड कोटी युनिट वीज तयार होते, आणि या मानकाने त्यासाठी साडेसात हजार लिटर तेल लागते, म्हणजे एक टँकरसुद्धा भरत नाही. येथे तेल सहायक आहे. पण जगात असंख्य वीजकेंद्रे अशी आहेत की ज्यांचे मुख्य इंधनच तेल आहे. ती महाग आहेत, धूर सोडतात, वर्षातील बहुतेक दिवस बंद असतात, आणि तरीही अनेक देश ती मोडीत काढायला सहजासहजी तयार होत नाहीत. हे का, हे समजून घेतले तर देशाचा वीजपुरवठा कोणत्या हिशेबावर चालतो तेही उलगडते.

तेलापासून वीज करण्याचे मुख्यतः तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग कोळशाच्या केंद्रासारखाच आहे: बॉयलरमध्ये फर्नेस ऑइल जाळायचे, वाफ करायची आणि तिने टर्बाइन फिरवायचे. फर्नेस ऑइल हा तेलशुद्धीकरणातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर उरणारा जाड, काळा भाग असतो. तो इतका घट्ट असतो की टाकीतून पंपाने खेचण्यासाठीही तापवावा लागतो आणि बर्नरमधून बारीक तुषार उडवायचे तर १०० अंशांच्या वर न्यावा लागतो. दुसरा मार्ग मोठ्या डिझेल इंजिनांचा. जहाजांवर असतात तशी ही इंजिने असतात. इंधनातील उष्णतेपैकी ४० टक्क्यांहून अधिक भागाची ती वीज करतात आणि काही मिनिटांत पूर्ण भार उचलतात. तिसरा मार्ग डिझेल किंवा नाफ्था (पेट्रोलसारखे हलके तेल) जाळणाऱ्या गॅस टर्बाइनचा. विमानाच्या इंजिनाशी नाते सांगणारे हे यंत्र इंधनाच्या बाबतीत खर्चिक असते, पण हाक दिल्यापासून दहा-वीस मिनिटांत वीज देऊ लागते. याउलट कोळशाचा पूर्ण थंड संच वीजवाहिन्यांच्या जाळ्याला जोडायला दहा-बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ जातो.

वेळेला एवढे महत्त्व का, हा प्रश्न येथे येतो. वीज धान्यासारखी कोठारात भरून ठेवून हवी तेव्हा काढता येत नाही. ज्या क्षणी लाखो घरांत दिवे, पंखे आणि पंप चालू असतात त्याच क्षणी तेवढीच वीज कुठेतरी तयार होत असावी लागते. हा तोल नेमका आहे की नाही हे जाळ्याच्या वारंवारितेवरून, म्हणजे विजेचा प्रवाह सेकंदाला किती वेळा आंदोलतो त्यावरून, कळते. भारतात ती ५० हर्ट्झच्या अगदी जवळ राखावी लागते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की सर्व जनित्रे किंचित मंदावतात, वारंवारिता घसरते, आणि ती फार घसरली तर यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी जाळ्यापासून अलग होऊ लागतात. एक संच अलग झाला की उरलेल्यांवरचा भार वाढतो, आणि मग दुसरा अलग होतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर आणि पूर्व भारताचे जाळे कोसळून साठ कोटींहून अधिक लोकसंख्येच्या प्रदेशाची वीज गेली. त्या वेळी सुरुवात काही मार्गांवरील अतिभारापासून झाली, पण पुढची पडझड अशाच साखळीने झाली. म्हणून प्रत्येक देशाला नेहमीच्या गरजेपेक्षा थोडी अधिक क्षमता, आणि तीही झटकन हाताशी येणारी, राखून ठेवावी लागते.

आता खर्चाकडे वळू, कारण तेल-केंद्राविषयीचा गैरसमज येथेच होतो. आपल्या सोसायटीतील किंवा अंबड-सातपूरच्या कारखान्यातील जनरेटर एका लिटर डिझेलमध्ये साधारण तीन ते साडेतीन युनिट वीज देतो. डिझेल लिटरला ९० रुपयांच्या आसपास धरले तर केवळ इंधनाचाच खर्च युनिटमागे २५ ते ३० रुपये होतो. कोळशाच्या केंद्रात इंधनाचा खर्च युनिटला चार-पाच रुपयांच्या घरात असतो, आणि नव्या सौर प्रकल्पांची वीज तीन रुपयांच्या आतही मिळते. मोठे इंजिन आणि स्वस्त फर्नेस ऑइल धरले तरी तेलाची वीज कोळशाच्या कितीतरी पट महाग पडते. राज्य भार प्रेषण केंद्र दररोज सर्व केंद्रांची यादी स्वस्ताकडून महागाकडे लावते आणि मागणी वाढेल तसे वरून खाली एकेकाला बोलावते. त्या यादीत तेलाचे केंद्र अगदी तळाशी असते.

पण इंधनाचा खर्च म्हणजे विजेचा संपूर्ण खर्च नव्हे. केंद्र उभारण्याचा भांडवली खर्चही दर वर्षी फेडायचा असतो, मग ते चालो वा न चालो. समजा, एखाद्या राज्याला वर्षातील फक्त १०० तास १०० मेगावॅट वीज कमी पडते. ती एप्रिल-मे महिन्यांतील काही संध्याकाळींची तूट असेल. ही एकूण एक कोटी युनिटची गरज झाली. तिच्यासाठी कोळशाचा नवा संच उभारायचा तर मेगावॅटमागे आठ कोटी रुपये धरून ८०० कोटी लागतील आणि व्याज, घसारा, देखभाल मिळून वर्षाला ११० कोटींच्या आसपास स्थिर बोजा पडेल. कोळशाचे पाच कोटी वेगळे. तेलाचे केंद्र त्याच्या निम्म्या खर्चात उभे राहिले असे मानले तर स्थिर बोजा ५५ कोटी आणि युनिटला २० रुपयांप्रमाणे इंधनाचे २० कोटी, म्हणजे एकूण ७५ कोटी. महाग तेल येथे स्वस्त पडले. आता हेच केंद्र वर्षातून ५,००० तास चालवून पाहा: कोळशाचा एकूण खर्च ३६० कोटी, तर तेलाचा हजार कोटींच्या पुढे जातो. हे आकडे समजुतीपुरते घेतले आहेत, पण त्यांतून दिसणारी गोष्ट पक्की आहे. तेलाचे केंद्र किती युनिट देते यावर त्याची किंमत करू नये. कोणत्या तासाला देते यावर करावी. येवला किंवा सिन्नर तालुक्यातील एखाद्या गावाला उन्हाळ्यात येणारा पाण्याचा टँकर जसा त्या चार आठवड्यांसाठी अमोल असतो आणि वर्षभर त्याच्यावरच गाव पोसायचे ठरवले तर ग्रामपंचायतीचे दिवाळे निघेल, तसेच हे आहे.

साठवणुकीची सोय हा तेलाचा दुसरा गुण आहे, आणि माझ्या मते त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. १०० मेगावॅटचे केंद्र दिवसभर चालवायला सुमारे सहा लाख लिटर फर्नेस ऑइल लागते. दहा दिवसांचा साठा म्हणजे ६० लाख लिटर. तो २४ मीटर व्यासाच्या आणि साडेतेरा मीटर उंचीच्या एकाच टाकीत मावतो. तेवढ्याच विजेसाठी दहा दिवसांना सोळा-सतरा हजार टन कोळसा, म्हणजे चार मालगाड्यांहून अधिक, उघड्यावर रचून ठेवावा लागेल. नैसर्गिक वायू तर केंद्राच्या आवारात साठवलाच जात नाही. तो नळातून येतो आणि नळ बंद झाला की केंद्र बंद. खाणी, रेल्वे, वायुवाहिनी किंवा पाऊस यांपैकी काहीही अडले तरी भरलेली टाकी आपले काम करते.

इतिहासात याची ठळक उदाहरणे आहेत. मार्च १९८४ मध्ये ब्रिटनमधील कोळसा खाण कामगारांनी संप पुकारला आणि तो वर्षभर चालला. त्या देशाची बहुतेक वीज तेव्हा कोळशावर होती, तरीही मोठे भारनियमन झाले नाही. एक कारण आधीच रचून ठेवलेले कोळशाचे ढीग, आणि दुसरे म्हणजे महाग म्हणून एरवी कमी चालवली जाणारी तेलाची प्रचंड केंद्रे, जी त्या काळात पूर्ण क्षमतेने चालवण्यात आली. त्यातून सरकारचा हात वर राहिला आणि कामगारांचा संप अखेर मोडला, ही त्या घटनेची दुसरी, वेदनादायक बाजू आहे. वीजकेंद्राची इंधननिवड हा राजकीय सामर्थ्याचाही प्रश्न असतो, हे त्यातून कळते. जपानमध्ये मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर एकेक करून सर्व अणुभट्ट्या थांबवल्या गेल्या आणि मे २०१२ मध्ये देशात एकही भट्टी चालू नव्हती. भूकंपापूर्वी जी अणुवीज एकूण निर्मितीच्या तीन दशांशांच्या आसपास होती, तिची जागा आयात वायूने, कोळशाने आणि बंद ठेवलेली जुनी तेल-केंद्रे पुन्हा पेटवून भरून काढण्यात आली. अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंड भागात तेलाचा वार्षिक वाटा नगण्य असतो. पण डिसेंबर २०१७ अखेर आणि जानेवारी २०१८ च्या आरंभी कडाक्याची थंडी पडली, वायू घरे तापवण्यासाठी वळवावा लागला, आणि साधारण दोन आठवड्यांत तेथील केंद्रांनी सुमारे २० लाख पिंप तेल जाळले.

जपानमधील त्याच त्सुनामीत फुकुशिमा अणुकेंद्रात तेलाची आणखी एक भूमिका दिसली. बंद झालेल्या अणुभट्टीलाही थंड ठेवण्यासाठी वीज लागते, आणि बाहेरची वीज गेल्यावर ती डिझेल जनरेटर देतात. तेथे भूकंपानंतर जनरेटर सुरू झालेही होते. त्सुनामीचे पाणी शिरून ते बंद पडले आणि पुढचा अनर्थ घडला. कोळशाच्या केंद्रांतही पुरवठा अचानक गेला तर फिरत्या टर्बाइनच्या बेअरिंगना तेल देणारे पंप चालू ठेवण्यासाठी बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर असतात. संपूर्ण जाळे अंधारात गेल्यावर ते पुन्हा उभे करायचे तर पहिली ठिणगी बाहेरून विजेची मदत न घेता सुरू होऊ शकणाऱ्या केंद्राकडूनच यावी लागते. हे काम जलविद्युत केंद्रे, गॅस टर्बाइन आणि डिझेल संच करतात. कोळशाच्या मोठ्या केंद्राला आपले पंखे, पंप आणि चक्क्या चालवायलाच मोठी वीज लागते, त्यामुळे ते स्वतःच्या बळावर उठू शकत नाही.

मग तेलावरची वीज जगभर एवढी घटली कशी? १९७३ साली जगातील सुमारे चतुर्थांश वीज तेलापासून होत होती. त्या काळात तेल स्वस्त होते, आणि जपानसारख्या देशांनी तर रोजची, चोवीस तासांची मागणीही त्यावरच भागवली होती. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी निर्यातबंदी घातली आणि पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव १९७४ च्या आरंभी बारा डॉलरच्या जवळ गेला. फ्रान्सने त्याच वर्षी अणुऊर्जेचा मोठा कार्यक्रम हाती घेतला, इतर देश कोळसा आणि वायूकडे वळले, आणि आज जगाच्या विजेत तेलाचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपास उरला आहे. जो आहे तो प्रामुख्याने तेल उत्पादक आखाती देशांत, मोठ्या जाळ्याशी जोडता न येणाऱ्या बेटांवर, आणि घाईघाईने वीज उभी कराव्या लागलेल्या देशांत.

या शेवटच्या गटातील उदाहरणे आपल्या शेजारीच आहेत. पाकिस्तानने १९९४ च्या धोरणानुसार खासगी कंपन्यांना फर्नेस ऑइलवर केंद्रे उभारू दिली. ती लवकर उभी राहतात हा त्यांचा मोठा लाभ होता. पण ती राखीव न राहता रोजच्या वापरात आली. तेल डॉलरमध्ये घ्यायचे आणि वीज रुपयांत विकायची, शिवाय केंद्र चालले नाही तरी क्षमतेचे पैसे द्यायचे, अशा करारांनी तेथील वीजक्षेत्रात थकबाकीचे चक्र सुरू झाले, जे अजून थांबलेले नाही. श्रीलंकेत २०२२ च्या मार्चअखेर दिवसाला तेरा तासांपर्यंत वीज बंद ठेवावी लागली. धरणांत पाणी कमी होते, आणि केंद्रे असूनही त्यांत ओतायला तेल नव्हते, कारण ते घ्यायला परकीय चलनच उरले नव्हते. दुसऱ्या देशातून येणाऱ्या इंधनावर उभारलेली राखीव क्षमता टाकीत साठा आहे तोवरच राखीव असते, हे त्या उन्हाळ्यात लाखो कुटुंबांनी सोसले.

भारताने या बाबतीत बराच शहाणपणा दाखवला आहे असे मला वाटते, आणि त्याचे एक कारण आपल्याकडील कोळसा, तर दुसरे आपले जाळे. देशातील वीज कंपन्यांकडे डिझेलवर चालणारी क्षमता ६०० मेगावॅटच्या आत आहे. एकूण स्थापित क्षमता साडेचार लाख मेगावॅटच्या पुढे गेली आहे, म्हणजे हजार मेगावॅटमागे जेमतेम सव्वा मेगावॅट. तेलाची आयात टाळणे महत्त्वाचे होते, कारण आपल्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून येते. तरीही आपल्याकडे तेल-केंद्रे उभी राहिली होतीच. मुंबईच्या ट्रॉम्बे येथे, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, टाटांनी १९९० मध्ये तेल आणि वायू दोन्हींवर चालू शकणारा ५०० मेगावॅटचा संच उभारला. केरळमध्ये पावसाने ओढ दिली की धरणे रिकामी होत, म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस ब्रह्मपुरम आणि कोळिकोड येथे डिझेल केंद्रे आली. दक्षिणेचे जाळे तेव्हा उर्वरित भारताशी एका वारंवारितेने जोडलेले नव्हते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि संपूर्ण देश एका जाळ्यात आला. मध्य भारतातील स्वस्त वीज दक्षिणेकडे पोहोचण्याची वाट रुंद होत गेली, तसे महाग डिझेल जाळण्याचे कारण कमी होत गेले. लेहमध्येही पूर्वी हिवाळ्यात डिझेल जनरेटरचाच आधार होता. श्रीनगर ते लेह ही पारेषण वाहिनी २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण झाल्यावर तेथील चित्र बदलले. उच्चदाबाची एक वाहिनी अनेक तेल-केंद्रांची गरज संपवू शकते, हे या दोन्ही ठिकाणी दिसते.

एक आकडा मात्र सरकारी डिझेल क्षमतेत कधीच दिसत नाही, तो म्हणजे खासगी जनरेटरचा. ते देशभरात मिळून हजारो मेगावॅट भरतात. नाशिकमध्ये रुग्णालये, सोसायट्यांच्या लिफ्ट, सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाने, आणि द्राक्षाच्या हंगामात निफाड-दिंडोरीकडील प्रीकूलिंग आणि कोल्ड स्टोरेज या सर्वांच्या मागे डिझेल जनरेटर उभा असतो. निर्यातीची द्राक्षे तोडल्यावर काही तासांत थंड झाली नाहीत तर माल हातचा जातो, त्यामुळे शेतकरी युनिटला तीस रुपये मोजायलाही तयार होतो. देशाने मोठ्या तेल-केंद्रावर खर्च टाळला असे आपण म्हणतो, तेव्हा त्या राखीव क्षमतेचा काही भार प्रत्येक ग्राहकाने स्वतःच्या अंगणात उचलला आहे, हे विसरता कामा नये. लहान जनरेटर अधिक तेल खातो आणि त्याचा धूर लोकवस्तीतच सुटतो. म्हणून विश्वासार्ह फीडर, म्हणजे परिसराला वीज पोहोचवणारी वाहिनी, देणे हा स्वच्छ हवेचाही उपाय आहे.

तेल-केंद्राची जागा हळूहळू साठवणूक घेत आहे. नाशिकच्या हद्दीपासून फार दूर नसलेल्या घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॅटचे उदंचन जलविद्युत केंद्र आहे. मागणी कमी असताना खालच्या धरणातील पाणी वरच्या धरणात चढवायचे आणि मागणीच्या वेळी ते सोडून वीज करायची, अशी त्याची रीत आहे. बॅटऱ्यांचे भावही वेगाने उतरले आहेत. दोन ते चार तासांच्या संध्याकाळच्या तुटीसाठी नवे डिझेल केंद्र उभारण्यात आता अर्थ उरलेला नाही. पण बॅटरी चार तासांनी रिकामी होते. आठवडाभर ढग दाटले, वारा पडला आणि त्यातच एखादी मोठी वाहिनी तुटली, तर दीर्घ साठा कोण देणार हा प्रश्न अनेक देशांसमोर अजून खुला आहे, आणि म्हणूनच स्वीडनसारख्या स्वच्छ विजेच्या देशानेही कार्ल्सहाम येथील तेल-केंद्र राखीव म्हणून जपून ठेवले आहे.

आणि एकलहऱ्यासारख्या केंद्रांपुढे यातून एक नवाच पेच उभा राहतो. दुपारी सौरवीज भरपूर असते, म्हणून कोळशाच्या संचांनी तेव्हा भार उतरवून संध्याकाळी पुन्हा वाढवावा अशी अपेक्षा आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी हा किमान भार टप्प्याटप्प्याने क्षमतेच्या ४० टक्क्यांपर्यंत खाली आणायला सांगितले आहे. एवढ्या कमी भारावर जुन्या भट्टीतील ज्वाला अस्थिर होते आणि तिला तेलाचा टेकू द्यावा लागतो. भार उतरवण्याऐवजी संच पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचा म्हटले, तर २१० मेगावॅटच्या संचाला पूर्ण थंड अवस्थेतून एकदा उठवण्यासाठी नियामकाच्या हिशेबात ५० हजार लिटर, म्हणजे अडीच टँकर तेल धरले जाते. सौरऊर्जेचा वाटा वाढत असताना हे वाढीव तेल टाळायचे असेल, तर बर्नर आणि नियंत्रण यंत्रणेत सुधारणा करण्यासाठी पैसा आताच लावावा लागेल, आणि त्यातले किती केंद्राने सोसायचे व किती ग्राहकाच्या वीजबिलात यायचे हे वीज नियामक आयोगाच्या सुनावणीत ठरेल. त्या सुनावण्या खुल्या असतात आणि सामान्य ग्राहकालाही तेथे लेखी हरकत नोंदवता येते.